समुद्र कुणी घालवला

ईस्टरआधीचा उपासकाळ लागला की क्लेमांस झेर्बो एखादं नवं व्रत धरायची. रोजचे नेम वेगळेच होते. पहिल्या कोंबड्याला उठायचं, जपमाळेचे मणी पुरे करायचे आणि मगच दवाखान्याच्या कुलपाला हात लावायचा. चाळीस दिवसांचं व्रत त्याच्यावर. एका वर्षी तिनं साखर सोडली. एका वर्षी दवाखान्यामागच्या झाडाचे पहिले आंबे सोडले आणि ते डोळ्यांदेखत शेळ्यांनी खाल्ले, तरी ती शेळ्यांना काही बोलली नाही. या वर्षी तिनं ठरवलं, चाळीस दिवस कुणाविषयी कडू शब्द काढायचा नाही.

कुइलतेंगा गावच्या बायका विहिरीवर हसल्या. "क्लेमांस, तू कधी कडू बोललीस? हे म्हणजे माशानं रोज पोहायचं व्रत घेतल्यासारखं झालं."

क्लेमांस हसली आणि बादली उचलून निघाली. तिचं तिला ठाऊक होतं. तोंडातून निघत नसला, तरी रोज सकाळी ओठांपर्यंत येऊन परत जाणारा एक शब्द होता, आणि तो ज्याच्यासाठी होता तो माणूस रोज दवाखान्याच्या बाकावर पहिला नंबर लावून बसायचा.

त्याचं नाव तिबो इल्बुदो. वय सत्तरीपुढे, डोक्यावर टोकदार गवती टोपी, खांद्याला रेडिओ, डाव्या पायानं किंचित लंगडा. अठरा वर्षं समुद्रकाठच्या आबिजानकडे कोकोच्या मळ्यात राबून तो आगगाडीनं परत आला होता, आणि गावात समुद्र पाहिलेला तो एकटाच. तो मोस्सी जमातीचा. सगळा गावच मोस्सी. क्लेमांस मात्र सामो जमातीची. तिचं माहेर देशाच्या दुसऱ्या टोकाला, दोन दिवसांच्या वाटेवर. सहा वर्षांपूर्वी सरकारनं तिची इथे बदली केली, तेव्हा गावाला नर्स मिळाली आणि तिबोला सामो मिळाली. दोघांत जास्त आनंद कुणाला झाला हे सांगायला नको.

सामो आणि मोस्सी यांच्यात चेष्टेचं नातं. पणजोबाच्या पणजोबापासून चालत आलेलं. मोस्सीनं सामोला गुलाम म्हणायचं, सामोनं मोस्सीला गुलाम म्हणायचं, दोघांनी एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरायच्या आणि मग एकाच भांड्यातून दोलो, म्हणजे ज्वारीची दारू, प्यायची. जो रागावला तो हरला.

"या, या, बसा," तिबो बाकावर नव्या आलेल्या माणसाला जागा करून द्यायचा. "पाहुणे दिसता. आपल्या देशाची माहिती आहे का? नाही? मग ऐका. आपल्या देशाला समुद्र का नाही?"

पाहुणा म्हणायचा, "आता देवानंच दिला नाही."

"देव देत होता! सगळ्या देशांना बोलावलं, एकेक माणूस पाठवा म्हणाला. आपल्याकडून चुकून सामो गेला. देवानं समुद्र मडक्यात घालून दिला. सामो डोक्यावर मडकं घेऊन निघाला, आणि वाटेत त्याला दिसलं कुत्र्याचं मुंडकं." इथे तिबो क्लेमांसकडे बघायचा. "कुत्र्याचं मुंडकं म्हणजे सामोंची मेजवानी, ते सोडून तो पुढे जातोय होय? मडकं ठेवलं खाली, मुंडकं घेतलं हातात. तोवर समुद्र सांडला तो गेला थेट आबिजानला. आम्हाला तो बघायला तीन दिवस आगगाडीत बसावं लागतं. कुणामुळे?"

सगळा बाक एका सुरात म्हणायचा, "सामोंमुळे!"

"आपल्याकडे नद्या किती? तीन. काळी, पांढरी आणि लाल. तिन्ही कुठे जातात? घानाला पळून. का? तर सामोंचं तोंड बघवत नाही म्हणून. जमिनीत सोनं आहे, आणि आपण धुळीत का? सामोला पुरायला दिलं होतं, कुठं पुरलं तेच विसरला. कापूस आपला, सदरे परदेशाचे. का? सामोला सदऱ्याची काजं करायला सांगितली होती, तो अजून एकाच भोकाशी बसलाय. आणि वाळवंटातून ही धूळ येते, सगळे खोकतात, तर त्याचं कारण—"

"हात पुढे करा, बाबा," क्लेमांस रक्तदाबाची पट्टी गुंडाळत म्हणायची.

"बघा! सहा वर्षं झाली. एक उत्तर नाही. ही कसली सामो? जीभ माहेरीच ठेवून आली." मग तो जरा वाकून, हळू आवाजात विचारायचा, "गुलामा, मी मेल्यावर तरी बोलशील ना?"

"गोळ्या घेतल्या का?"

"आधी सांग."

"आधी गोळ्या."

हे असं रोज. आणि रोज तो गेल्यावर, हात धुताना, क्लेमांसला त्या समुद्राच्या गोष्टीचं झणझणीत उत्तर सुचायचं. ती ते गिळायची आणि एक मणी जास्त जपायची.

उपासकाळाच्या तिसऱ्या शुक्रवारी सकाळी बाकावरची पहिली जागा रिकामी राहिली. क्लेमांसनं कुलूप काढलं, झाडलोट केली, दोनदा रस्त्याकडे पाहिलं. तेवढ्यात तिबोचा धाकटा भाऊ कुका मोपेडवरून आला. मोपेड बंद पडली तरी तो वरून उतरेना.

"गेला," कुका म्हणाला. "झोपेतच. रेडिओ छातीवर होता."

क्लेमांसचे डोळे भरून आले. कुका मोपेड टाकून धावतच पुढे आला.

"नाही, नाही, नाही! तू नाही रडायचं! कुणी पाहिलं तर? सामो मोस्सीसाठी रडली तर सगळंच नासलं. वहिनीनं तुला बोलावलंय. तुझं काम तुला माहीत आहे ना?"

माहीत होतं. सामोंच्या घरी मरण आलं की मोस्सी येऊन धिंगाणा घालायचे, मोस्सींच्या घरी सामो. मेलेल्याची टोपी घालून त्याची नक्कल करायची, खड्ड्यात उतरून अडून बसायचं, त्याचे वाभाडे काढायचे. कोंबडी, चघळायच्या कोलाच्या बिया, दोलो पदरात पडेपर्यंत हलायचं नाही. लहानपणी तिच्या आजोबांच्या वेळी एका मोस्सी शिक्षकानं असा गोंधळ घातला होता, की आजी मातीत बसून पोट धरून हसली होती.

"कुकादादा, दुसरं कुणी सामो नाही का? शहरात ते पोलीस होते ना, तोए म्हणून?"

"त्यांची बदली झाली. एक बसवाला सामो आहे, तो रविवारी येतो. आज शुक्रवार आहे, आणि ऊन बघतेस ना? रविवारपर्यंत तिबोदादा आपल्यालाच गावाबाहेर काढील." कुकानं घाम पुसला. "दादानं वहिनीकडून वचन घेतलंय. सामोनं हसवल्याशिवाय माझ्यावर माती टाकायची नाही. टाकलीत तर मी जाणार नाही, इथंच घरात राहीन. रेडिओसकट."

"मग?"

"मग काय? वहिनीनं चाळीस वर्षं तो रेडिओ ऐकलाय. ती म्हणते, आता बस्स."

कुका गेला. क्लेमांस औषधांच्या कपाटावरच्या मरियामाईच्या तसबिरीपुढे गुडघे टेकून बसली. चाळीस दिवसांतले अजून अर्धेही झाले नव्हते. व्रत देवाला बोललेलं. तिकडे मेलेल्या माणसाची इच्छा आणि बाईनं दिलेलं वचन. बऱ्याच वेळानं तिच्या मनानं एक वाट काढली. जायचं. सगळ्यांच्या देखत बोलायचंही. पण चांगलं बोलायचं. गोड बोलल्यानं कुणाचं काय वाईट झालंय? माई तसबिरीतून काही बोलली नाही. क्लेमांसनं त्याचा अर्थ होकार असा घेतला आणि इथेच चुकली.

तिबोच्या घराच्या अंगणात कडुनिंबाखाली गाव जमलं होतं. बायका रडत होत्या. कुंपणाजवळ चौघे जण खड्डा खणत होते. पांढऱ्या कोटातली क्लेमांस फाटकातून आत आली, तशा रडणाऱ्या बायका रडता रडता थांबल्या. खणणारे कुदळी टेकून उभे राहिले. मागे कुणीतरी आधीच खुदकन हसलं. तिबोची बायको लामुसा चटईवरून अर्धी उठली. तिच्या सुजलेल्या डोळ्यांत केवढी आशा होती!

क्लेमांसनं हात जोडले. "तिबोबाबा सज्जन माणूस होते," ती हळुवार आवाजात म्हणाली.

सगळे पुढच्याची वाट बघत होते. दगड एवढा हळू उचलला म्हणजे नक्कीच जोरात फेकणार.

"पुढे?" कुका कुजबुजला.

"कष्टाळू होते. सगळ्यांशी प्रेमानं वागायचे. देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो."

कुठेतरी शेळी ओरडली. लामुसा धपकन खाली बसली.

"काय केलं होतं गं त्यांनी तुझं?" तिनं विचारलं.

"काही नाही, आई."

"मग एवढी का रागावलीस?"

"मी कुठे रागावले? मी चांगलंच—"

"चांगलंच!" लामुसानं कपाळावर हात मारून घेतला. "ऐकलंत? परक्या माणसाविषयी बोलावं तसं बोलली. तहसीलदार गेल्यावर बोलतात तसं! माझा नवरा काय तहसीलदार होता?"

चटईमागून एक म्हातारी म्हणाली, "सहा वर्षं उत्तर दिलं नाही ना, मला तेव्हाच संशय आला होता. पोटात काहीतरी आहे."

"रक्तदाब तपासताना तो काही बोलला असेल."

"तिच्या आईबापांवरून बोलला असेल."

"आईबापांवरून तर बोलायलाच पाहिजे!"

खड्डा खणणाऱ्यांतला वयानं मोठा होता त्यानं कुदळ खाली ठेवली. "थांबवा रे. मेलेल्यावर सामोचा राग असेल तर आधी तो मिटवायला हवा. असं पुरता येत नाही."

"माझा राग नाही हो!" क्लेमांस जवळजवळ ओरडली. सहा वर्षांत तिचा आवाज एवढा चढलेला गावानं ऐकला नव्हता.

"बघा," म्हातारी म्हणाली. "रागच आहे."

लामुसा आता खरंच रडायला लागली. मघाशी ती रडत होती ते रीतीचं, सुरातलं, चार बायकांबरोबरचं. हे तसं नव्हतं. तोंडावर पदर घेऊन, आवाज न करता, एकटीचं. "सगळ्यांना सांगायचे हो," ती पदरातूनच म्हणाली, "माझ्याकडे स्वतःची सामो आहे म्हणून. रोज सकाळी तिच्यासाठी टोपी झटकून जायचे. आणि तिला ते कुणीच नव्हते."

क्लेमांसला कुणी मुस्काटात मारल्यासारखं झालं. आयुष्यभर तिनं शब्द तोलून मापून वापरले होते. कुणाला लागेल असं बोलू नये म्हणून. आणि आज, व्रतात असताना, तिच्या तोंडून बाहेर पडलेला सगळ्यात कडू शब्द होता 'सज्जन'.

तिनं इकडेतिकडे पाहिलं. ओसरीच्या खुंटीला गवती टोपी लटकत होती. रेडिओ चटईच्या कडेला होता. आणि ठेंगण्या भिंतीवर, उन्हात, चार सेल ओळीनं मांडलेले. संपलेले सेल उन्हात तापवले की पुन्हा जिवंत होतात असं तिबोचं म्हणणं होतं. काल दुपारी त्यानंच ते मांडले असणार.

क्लेमांसनं जाऊन टोपी काढली आणि डोक्यावर घातली. ती तिच्या कानांपर्यंत आली. रेडिओ खांद्याला अडकवला. मग ती भिंतीपाशी गेली, एक सेल उचलला, कानाशी धरून हलवला, जिभेनं चाटून पाहिला, मान डोलावली आणि पुन्हा उन्हात ठेवला.

कुणीतरी फस्सकन हसलं. लामुसाचा पदर थोडा खाली आला.

क्लेमांस डाव्या पायानं लंगडत, दर तिसऱ्या पावलाला थांबून लोकांच्या जेवणाच्या भांड्यांत डोकावत, अंगण ओलांडून गेली. खड्ड्याच्या काठावर बसली. पाय आत सोडले. कोट सावरला. आणि आत उतरली. उतरली म्हणण्यापेक्षा घसरली. खड्डा छातीपर्यंत खोल होता. आता वर टोपी, खांदे आणि रेडिओ एवढंच दिसत होतं.

"ही जागा कुणाची?" टोपीखालून आवाज आला.

"तिबोची!" लोक ओरडले.

"खोटं! मी आधी आले. त्या मोस्सीला सांगा, नंबर लाव. रोज माझ्या बाकावर पहिला नंबर लावायचास ना रे, गाढवाच्या मामा? आज माझा पहिला!"

अंगणात असा हशा उसळला, की कडुनिंबावरचे कावळे उडाले. शब्द क्लेमांसच्या तोंडून निघून गेला होता, आणि जिभेला कडू लागला नव्हता. तिला जरा आश्चर्यच वाटलं. तिनं दोन्ही हात खड्ड्याच्या काठावर टेकले, आणि सहा वर्षं गिळलेलं एकेक करून वर येऊ लागलं.

"पाहुणे, आपल्या देशाची माहिती आहे का? नाही? मग ऐका. समुद्र कुणी घालवला?"

"सामोंनी!" सवयीनं सगळे ओरडले.

"गुलामांनो, तोंड मिटा! सामोनं समुद्र डोक्यावरून आणला, एक थेंब सांडला नाही. मोस्सी राजाच्या दारात नेऊन ठेवला. मोस्सी काय म्हणाले? असा कसा आत येतोस, आधी मुजरा कर. समुद्र बिचारा वाकला. पुन्हा कर. पुन्हा वाकला. आता कपाळ धुळीला लाव. आता घरच्यांची खुशाली विचार. बायको बरी आहे का? मुलं बरी आहेत का? गाढव बरं आहे का? गाढवाची बायको बरी आहे का? तीन दिवस झाले, मोस्सींची खुशाली संपेना! समुद्र म्हणाला, मी आपला आबिजानला जातो, तिथे लोक नुसते 'काय कसं' म्हणतात!"

लामुसा हसत होती. खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि कुठलं कशाचं हे आता तिलाही सांगता आलं नसतं.

"आणि नद्या!" तिनं ओरडून विचारलं. "नद्यांचं सांग!"

"तीन नद्या मोस्सींच्या गावावरून गेल्या. यांनी तिघींना मागणी घातली. नद्या अजून पळताहेत! सोनं? सामोनं पुरलं, बरोबर. कुठे पुरलं तेही आठवतंय. मोस्सीच्या फावड्याखाली. तिथे कोण हात लावणार? हजार वर्षं सुरक्षित आहे! कापूस? सगळा यांच्या टोप्यांत गेला. एवढ्या मोठ्या टोप्या कशाला, तर खाली डोकं आहे असं वाटावं म्हणून!" तिनं गवती टोपी काढून आत डोकावून पाहिलं. "कुणीच नाही हो आत. मी म्हटलं ना."

कुका भिंतीला धरून उभा होता. खणणारे चौघे मातीच्या ढिगावर आडवे झाले होते.

"बाहेर ये गं गुलामा!" कुका कसाबसा म्हणाला. "कोंबडी देतो."

"कोंबडीला ताप आहे. मी नर्स आहे, मला कळतं."

"कोला देतो. दोलोचं मडकं देतो."

"मोस्सीची दोलो! गाढवाची उष्टी का पुन्हा?" ती आत मांडी घालून बसली. आता टोपीही दिसेना. "मी नाही येत. मला इथे गार वाटतंय. तिबोला म्हणावं, तू वर बाकावर बस. मी खाली झोपते."

खाली माती खरंच गार होती, ओलसर वासाची. वर कुणालाही तिचं तोंड दिसत नव्हतं, तेव्हा तिनं टोपीनं डोळे पुसून घेतले. मग घसा खाकरून ती ओरडली, "आणि रेडिओ! रेडिओ माझा! त्याशिवाय मी हलत नाही!"

लामुसा ताडकन उठून उभी राहिली. "घे! घे बाई! देव तुझं भलं करो, घेऊन जा तो!"

सगळ्यांत मोठा हशा त्याला पिकला. सौदा पटला. एक कोंबडी, ओंजळभर कोला, दोलोचं मडकं आणि रेडिओ. पण क्लेमांसला बाहेर येता येईना. ती तशी भरल्या अंगाची. चार मोस्सींनी काखेत हात घालून तिला ओढलं, आणि ती वर येईपर्यंत "सावकाश, गुलामांनो! सरकारी मालमत्ता आहे!" म्हणून ओरडत होती. मग तिबोला खाली ठेवलं. माती पडली. कुणी अडवलं नाही.

संध्याकाळी क्लेमांस तसबिरीपुढे बसली. दिवसभराचे शब्द तिनं एकेक करून आठवले, डाळीतले खडे निवडावे तसे. गाढवाचा मामा. टोपीत डोकं नसलेला. गुलाम. प्रत्येक शब्द तिनं उलटापालटा करून पाहिला, पण कडू एकही सापडेना. सापडले ते दोनच, आणि ते सकाळचे होते. 'सज्जन' आणि 'कष्टाळू'.

शनिवारी ती चर्चमध्ये पापनिवेदनाला गेली. फादर बांसे जाळीपलीकडे वारा घेत बसले होते.

"फादर, मी व्रत मोडलं. मी एका मोस्सीची स्तुती केली."

जाळीपलीकडे पंखा थांबला. "मयतीत?"

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"हो, फादर. त्याच्या बायकोसमोर."

फादर स्वतः बिस्सा जमातीचे होते. त्यांच्या वाट्याला चेष्टेला गुरुंसी जमातीचे लोक आले होते, आणि बिस्सांच्या आवडीच्या भुईमुगाचं पोतं घेऊन ते किती खड्ड्यांत बसले होते याची गणती नव्हती. "पोरी," ते म्हणाले, "हे साधं पाप नाही. दहा वेळा प्रणाम मारिया म्हण. आणि उपासकाळ संपेपर्यंत जो मोस्सी तुला बोलेल त्याला त्याच दिवशी उत्तर द्यायचं. उद्यावर ढकलायचं नाही." मग त्यांनी हळूच विचारलं, "समुद्र मुजरा करतो ते कसं होतं? मला कुणीतरी अर्धवटच सांगितलं."

सोमवारी दवाखान्याच्या बाकावर पहिल्या जागेत लामुसा बसली होती. डोकं दुखतं म्हणाली. घरात फार शांत आहे, झोप लागत नाही. मग ती जरा घुटमळली, इकडेतिकडे पाहिलं आणि नवशिक्यासारखी, एका दमात म्हणाली, "काय गं गुलामा, रेडिओ वाजतो का? की सामोंना बटणच सापडत नाही?"

क्लेमांसनं पट्टी हातात घेतली. प्रायश्चित्त ते प्रायश्चित्त.

"वाजत होता," ती म्हणाली. "पण त्याला कळलं की आता ऐकायला मोस्सी नाहीत, तर तो हसत सुटला. अजून थांबत नाही. हात पुढे करा, आई."